रक्तवाहिनीच्या अस्तराची साक्ष

बेळगाव आणि निपाणी ह्यांच्या मधल्या टापूत जुन्या बायकांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असे : "पहिलटकरणीचं पाय सुजायचंच." आमच्या आजीच्या तोंडून मी ते अनेकदा ऐकले आहे, आणि दर वेळी ते उच्चारल्यावर ती थोडा वेळ गप्प बसत असे. त्या गप्प बसण्याचे कारण मला पुष्कळ वर्षांनी समजले. आजीची धाकटी बहीण, जिला सारे घर आक्का म्हणत असे, पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी आली होती. सुमारे सत्तर वर्षांपूर्वीची ही गोष्ट. बेळगाव जिल्हा त्या वेळी मुंबई राज्यात होता. ओटीभरणाच्या वेळी भरलेल्या हिरव्या बांगड्या महिन्याभरात तिच्या मनगटात रुतू लागल्या. बांगडी फोडणे अशुभ, म्हणून साबणाचा हात लावून त्या उतरवण्याचा खटाटोप झाला. पाय सुजले होते, तोंड सुजले होते, आणि घरातली वडील मंडळी पोर अंगाने भरली म्हणून समाधान मानीत होती. आठव्या महिन्यात एका संध्याकाळी आक्का म्हणाली, की डोके फार ठणकते आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात. रात्री चुलीपाशीच तिला झटके आले. कोणी म्हणाले फेफरे, कोणी म्हणाले बाहेरची बाधा. एकाने नाकाशी कांदा धरला. बैलगाडीने निपाणीला पोहोचेपर्यंत पहाट झाली. आक्का वाचली. मूल वाचले नाही.

ज्या विकाराने तिला गाठले त्याच्या अलीकडच्या पायरीला वैद्यकात प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात आणि झटके येऊ लागले, की त्यालाच एक्लॅम्पसिया किंवा गर्भाक्षेप असे नाव पडते. गरोदरपणाचे वीस आठवडे उलटल्यावर रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिन जाऊ लागते, कधी यकृत तर कधी मेंदू ह्यांवर घाला येतो, आणि वार पोटातून बाहेर पडेपर्यंत विकार हटत नाही. शंभर गरोदर स्त्रियांमागे दोन ते आठ जणींना तो होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दर वर्षी सुमारे ४६,००० माता त्यापायी दगावतात, आणि पोटातली किंवा नुकती जन्मलेली सुमारे पाच लाख बालके. ह्या विकाराचे क्रौर्य असे, की तो पुष्कळ दिवस दुखत नाही. जी स्त्री पाणी भरते, भाकरी थापते, वखारीत जाऊन तंबाखूची पाने निवडते, तिला आपल्या शरीरात काही बिघडले आहे ह्याची जाणीवच होत नाही. म्हणून ह्या विकाराचा इतिहास हा बहुतांशी साक्षीदार शोधण्याचा इतिहास आहे. रोगी बोलत नाही, तेव्हा त्याच्यासाठी बोलेल असे काहीतरी शरीरात कोठे आहे काय, हा प्रश्न वैद्य गेली दोनशे वर्षे विचारीत आले आहेत.

एक्लॅम्पसिया हा शब्द ग्रीक. अर्थ वीज चमकणे. १६१९ साली छापलेल्या वारांडेयस ह्या फ्रेंच वैद्याच्या स्त्रीरोगांवरील ग्रंथात तो आढळतो. आक्काला दिसलेले काजवे आणि ग्रीकांची वीज ह्यांत फारसे अंतर नाही असे मला वाटते. ही आकडी म्हणजे नेहमीचे फेफरे नव्हे, हे १७३९ साली बुआसिए द सोव्हाज ह्याने वेगळे करून दाखवले. परंतु शरीरातल्या साक्षीदाराचा पहिला पत्ता लागला तो लंडनच्या गाय रुग्णालयात, १८४३ साली. ह्याच रुग्णालयात रिचर्ड ब्राइट ह्याने अंगावरची सूज आणि लघवीतले प्रथिन ह्यांचा मूत्रपिंडाच्या रोगाशी संबंध जोडला होता. तेथल्या जॉन लिव्हर नावाच्या प्रसूतितज्ज्ञाने आकडी आलेल्या बाळंतिणींची लघवी तापवून पाहिली, तेव्हा ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठू लागली. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत हे प्रथिन नाहीसे होते हेही त्याने टिपून ठेवले, आणि त्यावरून हा ब्राइटचा रोग नव्हे असा तर्क त्याने केला. परीक्षानळीत लघवी घेऊन ती दिव्यावर धरण्याची ही रीत इतकी सोपी होती, की पुढे शंभर-सव्वाशे वर्षे आपल्याकडील लहानसहान दवाखान्यांतूनही ती चालत राहिली.

दुसरा साक्षीदार रक्तदाब. १८९६ साली इटलीतील रिव्हा-रोची ह्याने दंडाला गुंडाळण्याचा पट्टा आणि पाऱ्याची नळी ह्यांची जोडणी केली. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये वाकेझ आणि नोबेकूर ह्यांनी आकडीच्या रोग्यांत दाब चढलेला असतो असे दाखवले, आणि १९०५ साली कोरोत्कोव्ह ह्या रशियन शल्यवैद्याने पट्ट्याखाली नळी लावून धमनीचे ठोके ऐकण्याची युक्ती सांगितली. लघवी आणि दाब ह्या दोन साक्षीदारांच्या बळावर एडिंबरोच्या बॅलँटाइनसारख्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी गरोदर स्त्रीची प्रसूतीपूर्वीच नियमित तपासणी करण्याचा आग्रह धरला. त्याच आग्रहाचा वंश म्हणजे आजच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली गरोदर मातांची तपासणी होय.

एवढे कळले, तरी मुळाशी काय आहे हे कळेना. साऱ्यांनी गृहीत धरले, की गर्भ किंवा वार रक्तात काही विष सोडते. म्हणून रोगाचे नावच गर्भविषबाधा पडले. विषाचा शोध मात्र लागेना. १९१६ साली जर्मन प्रसूतितज्ज्ञ झ्वायफेल ह्याने वैतागून ह्याला तर्कांचा रोग म्हटले. शिकागोतील एका प्रसूतिगृहाच्या भिंतीवर थोर वैद्यांच्या नावांच्या पाट्या आहेत, आणि त्यांतली एक पाटी हे कोडे सोडवणाऱ्याच्या नावासाठी कोरी ठेवली आहे असे सांगतात. मोहाचे प्रसंगही आले. १९८३ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी ह्या रोग्यांच्या रक्तात एक कृमी सापडल्याचे जाहीर केले आणि त्याला लॅटिन नावही दिले. थोड्याच अवधीत इतरांनी दाखवून दिले, की तो कृमी नसून काचपट्टी रंगवताना उमटलेला आभास होता. हे सांगताना हसू येते, पण ज्यांच्यासमोर अशा स्त्रिया मरत होत्या त्यांची अधीरता समजून घेतली पाहिजे.

कारण कळत नसले तरी उपचार थांबत नाहीत. मद्रासला डॉ. कृष्ण मेनन ह्यांनी क्लोरप्रोमॅझिन, प्रोमेथॅझिन आणि पेथिडीन ह्या तीन औषधांच्या मिश्रणाने आकडी आवरण्याची पद्धत बसवली. १९६१ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाल्यावर ती हिंदुस्थानभर पसरली. अमेरिकेत मॅग्नेशियम सल्फेटची चाल होती. हे दुसरेतिसरे काही नसून रेचक म्हणून घरोघर ठाऊक असलेले कडू मीठ; मात्र येथे ते शुद्ध करून सुईवाटे द्यावयाचे. कोणते औषध बरे ह्याचा निर्णय १९९५ साली १,६८७ स्त्रियांवर झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रयोगाने मॅग्नेशियमच्या बाजूने दिला, आणि २००२ साली ३३ देशांतील दहा हजारांवर स्त्रियांवर झालेल्या मॅगपाय प्रयोगाने आकडी येण्याआधी ते दिल्यास आकडीचा धोका निम्म्याहून कमी होतो हे सिद्ध केले. येथे आपल्या भागातील एका कामाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुमन सरदेसाई ह्यांनी असा विचार केला, की पाश्चात्य स्त्रीच्या अंगलोटावर बेतलेली मात्रा आपल्या हलक्या बांध्याच्या स्त्रीला सरसकट कशासाठी द्यावी? त्यांनी कमी मात्रेची पद्धत योजली आणि २००३ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. मॅग्नेशियमची मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो. तेव्हा ज्या रुग्णालयात रात्री एकच परिचारिका दहा खाटा सांभाळते, तेथे ह्या विचाराचे मोल किती, हे त्या परिचारिकेला विचारावे.

आता मूळ कोड्याकडे वळू. आपल्या शरीरातली प्रत्येक रक्तवाहिनी आतून पेशींच्या एका पातळ थराने मढवलेली असते. इंग्रजी ग्रंथ तिला एंडोथेलियम म्हणतात. मी तिला अस्तर म्हणतो. शहापूर-वडगावच्या मागावर विणलेल्या खणाची चोळी शिवताना शिंपी आतून अस्तर लावतो ते खण अंगाला टोचू नये म्हणून. रक्तवाहिनीचे अस्तर मात्र एवढ्यावर थांबत नाही. ते नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडून वाहिनी सैल ठेवते, रक्त आतल्या आत गोठू देत नाही, आणि वाहिनीतून पाणी व प्रथिन बाहेर किती झिरपावे ह्यावर पहारा ठेवते. हे अस्तर बिघडले तर काय होईल? वाहिनी आवळेल, म्हणजे दाब चढेल. पहारा ढिला पडेल, म्हणजे पाय आणि तोंड सुजेल. मूत्रपिंडाची गाळणी फाटेल, म्हणजे लघवीतून प्रथिन जाईल. बारीक वाहिन्यांत रक्ताच्या चकत्या जमतील, म्हणजे रक्तबिंबिका कमी पडतील. आक्काच्या देहात दिसलेले प्रत्येक चिन्ह ह्या एका बिघाडातून उलगडते.

हे आज सोपे वाटते. परंतु त्याला धागे जुळावे लागले. १९५९ साली स्पार्गो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून अशा स्त्रियांच्या मूत्रपिंडाचे तुकडे पाहिले, तेव्हा केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी फुगून वाट अडवून बसल्या होत्या. १९६७ साली ब्रोसेन्स, रॉबर्टसन आणि डिक्सन ह्यांनी गर्भाशयाकडे लक्ष वेधले. निरोगी गरोदरपणात वारेच्या पेशी गर्भाशयातील नागमोडी धमन्यांत शिरून त्यांच्या भिंती सैल करतात, आणि ओढ्याचा कालवा व्हावा तसा रक्ताचा प्रवाह रुंद होतो. ज्यांना हा विकार होतो त्यांच्यात हे रुंदीकरण अपुरे राहते. वार उपाशी राहते. ह्या दोन टोकांना जोडणारा विचार १९८९ साली अमेरिकेतील जेम्स रॉबर्ट्स ह्यांनी मांडला : प्रीएक्लॅम्पसिया हा अस्तराचा विकार आहे. आजारी मातांचे रक्तजल प्रयोगशाळेत वाढवलेल्या अस्तरपेशींवर टाकले असता त्या पेशींना इजा होते, हे त्यांनी त्याआधी दाखवले होते. म्हणजे रक्तात काहीतरी होते. झ्वायफेलच्या पिढीची विषाची कल्पना अगदीच वेडगळ नव्हती तर!

मग सुरू झाली मोजदाद. दुखावलेले अस्तर रक्तात काय काय सांडते? फायब्रोनेक्टिन हे प्रथिन वाढते, व्हॉन विलेब्रँड घटक वाढतो, थ्रॉम्बोमोड्युलिन वाढते. पांढऱ्या पेशींना चिकटून बसण्यासाठी अस्तर जे हूक बाहेर काढते, त्यांचे तुटलेले अवशेष रक्तात तरंगतात. वाहिनी आवळणारे एंडोथेलिन चढते. नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या यंत्रणेत खोडा घालणारे एडीएमए नावाचे रसायनही ह्या रोगात वाढलेले आढळले. ह्या साऱ्या खुणा खऱ्या होत्या. परंतु घर पेटल्यावर निघणाऱ्या धुरासारख्या त्या होत्या. धूर दिसला म्हणजे आग लागून चुकली. आग कोणी लावली हे धूर सांगत नाही.

ते सांगितले एका मूत्रपिंडतज्ज्ञाने, आणि तो जन्माने भारतीय आहे. बॉस्टनमधील डॉ. अनंत करुमांची ह्यांनी आजारी मातांच्या वारेत कोणती जनुके अतिरिक्त काम करतात ते तपासले. एक नाव उठून दिसले : एसएफएलटी-१. हे प्रथिन रक्तात सुटे फिरते आणि रक्तवाहिन्या जोपासणारे दोन घटक आपल्या मिठीत धरून ठेवते. एक व्हीईजीएफ आणि दुसरा वारेतून येणारा पीएलजीएफ. अस्तराला रोज लागणारा शिधा असा वाटेतच अडवला गेला, की अस्तर उपासमारीने आजारी पडते. ह्या तर्काला एक अनपेक्षित साक्ष मिळाली. त्याच सुमारास कर्करोगाच्या गाठींना रक्त मिळू नये म्हणून व्हीईजीएफला रोखणारे औषध तयार झाले होते, आणि ते घेणाऱ्या रोग्यांचा रक्तदाब चढे व लघवीतून प्रथिन जाई. २००३ साली करुमांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या जातीच्या गरोदर प्राण्यांत एसएफएलटी-१ वाढवून दाखवले. त्यांचा रक्तदाब चढला, लघवीत प्रथिन आले, आणि मूत्रपिंडात स्पार्गोने १९५९ साली पाहिलेली तीच सूज उमटली. २००४ साली साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून लिव्हाइन आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले, की रोग प्रकट होण्याच्या सुमारे पाच आठवडे आधीच एसएफएलटी-१ चढू लागते, आणि पीएलजीएफ तर त्याच्याही आधी उतरू लागते. २००६ साली विद्राव्य एंडोग्लिन हा आणखी एक साथीदार उघडकीस आला. शिकागोच्या त्या पाटीवर कोणाचे नाव कोरावे हे मी सांगू शकत नाही. वारेचे रुंदीकरण मुळातच का फसते हा प्रश्न अजून शिल्लक आहे.

महाराष्ट्रात ह्या खुणांचा पाठपुरावा प्रामुख्याने पुण्यात झाला. भारती विद्यापीठातील डॉ. साधना जोशी ह्यांच्या गटाने २०१० च्या सुमारास आपल्याकडील मातांच्या रक्तातील हे वाढघटक मोजून त्यांचा बाळाच्या वजनाशी कसा संबंध आहे ते प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी गरोदरपणाच्या आरंभापासून प्रसूतीपर्यंत त्याच त्या स्त्रियांचे रक्त पुनःपुन्हा तपासण्याचे दीर्घ काम हाती घेतले, आणि आहारातील स्निग्धाम्ले व जीवनसत्त्वे ह्यांचा त्यांच्याशी मेळ घालून पाहिला. परदेशातील आकडे उचलून आपल्याकडे लावावयाचे नसतील, तर हे कष्टाचे काम कोणीतरी करणे अवश्य होते.

२०१६ साली एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ ह्यांच्या गुणोत्तराचा एक व्यवहार्य नियम हाती आला. संशय असलेल्या स्त्रीत हे गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असेल, तर पुढच्या आठवड्यात तिला हा रोग होणार नाही असे सांगता येते, आणि असे सांगितलेल्या शंभरांपैकी नव्याण्णव जणींच्या बाबतीत ते खरे ठरते. इंग्लंडमधील एका प्रयोगात पीएलजीएफचा आकडा डॉक्टरांना कळवल्यावर निदानाला लागणारा काळ सरासरी चार दिवसांवरून दोन दिवसांवर आला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा चाचणीला २०२३ साली मान्यता दिली. ह्या चाचणीचे बळ विशेषतः नकार देण्यात आहे. ती घाबरलेल्या स्त्रीला घरी पाठवू शकते. जिला रोग होणार आहे तिला नेमका केव्हा, हे ती तितक्या खात्रीने सांगत नाही.

आता बेळगाव. कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी १९१६ साली सात शिक्षकांनी काढली. तिच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९६३ सालची. सीमाप्रश्नावर आपली मते काहीही असोत, ह्या महाविद्यालयाने खेड्यातल्या बाळंतपणाच्या शास्त्रात जे केले त्याची नोंद जगभरच्या ग्रंथांत आहे आणि आपल्या मराठी वाचकाला ती क्वचितच ठाऊक असते. डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ ते २००५ ह्या काळात बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत १,६२० बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल ह्या गोळीचा प्रयोग केला. ती देणारे डॉक्टर नव्हते, उपकेंद्रातील परिचारिका होत्या. प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून ६.४ वर आले. गावातील परिचारिकेच्या हाती विश्वासाने काम सोपवता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

ह्याच विश्वासावर प्रीएक्लॅम्पसियाचा प्रयोग उभा राहिला. २०१४ ते २०१६ ह्या वर्षांत बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत चौदा हजारांवर गरोदरपणांची पाहणी झाली. असाच प्रयोग पाकिस्तानात आणि मोझांबिकमध्ये चालू होता. आशा कार्यकर्ती घरोघर जाई, आपोआप मोजणाऱ्या यंत्राने दाब घेई, डोके दुखते काय, डोळ्यांपुढे चमकते काय हे विचारी, आणि हाती असलेल्या उपकरणावर उत्तरे भरताच धोका किती ते तिला कळे. दाब फार चढलेला असल्यास मिथाइलडोपाची गोळी, आकडीचा संभव असल्यास मॅग्नेशियमची सुई, आणि रुग्णालयाकडे रवानगी. रक्ताची कोणतीही महाग चाचणी नाही. निकाल काय लागला? माता व अर्भकांच्या मृत्यूंत आणि गंभीर आजारांत तिन्ही देशांत मिळूनही ठळक घट दिसली नाही. ज्यांच्या घरी कार्यकर्ती आठ किंवा अधिक वेळा पोहोचली त्यांच्यात मात्र काही लाभ दिसला. हा निकाल प्रामाणिकपणे २०२० साली प्रसिद्ध झाला, ह्याबद्दल मला त्या मंडळींचा आदर वाटतो. रोग वेळेवर ओळखणे ही अर्धी लढाई. ओळखल्यानंतर ज्या रुग्णालयात पाठवावयाचे तेथे रक्त, भूलतज्ज्ञ आणि खाट मिळाली नाही, तर कार्यकर्तीने घेतलेला दाब वहीतच राहतो.

त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगाचा निकाल लागला. बेळगाव आणि नागपूर ह्यांसह सहा देशांतील ११,९७६ पहिलटकरणींपैकी निम्म्यांना पहिल्या तिमाहीपासून रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि उरलेल्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचे प्रमाण शेकडा १३.१ वरून ११.६ वर आले. रक्तदाबाच्या विकारासह चौतिसाव्या आठवड्याआधी प्रसूत झालेल्या स्त्रिया एका बाजूला २१ होत्या, तर ॲस्पिरिन घेतलेल्यांत ८. ॲस्पिरिन रक्तबिंबिकांना आवरते आणि अस्तराच्या बाजूने पारडे झुकवते. अर्थात ही गोळी डॉक्टरच्या सल्ल्यावाचून कोणी घेऊ नये.

निपाणीचे नाव घेतले, की तंबाखू आलीच. येथल्या वखारींतून आणि विड्यांच्या पाट्यांवर पिढ्यान् पिढ्या स्त्रियांनी काम केले. १९८२ साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' ह्या नावाचा बोलपट त्यांच्याच संघर्षावर निघाला. तंबाखूच्या संदर्भात ह्या विकाराचे एक विलक्षण कोडे आहे. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत प्रीएक्लॅम्पसिया थोडा कमी आढळतो, आणि त्यांच्या रक्तात एसएफएलटी-१ ही कमी असते. ह्यावरून कोणी विडी ओढावी असा अर्थ काढू नये. धूम्रपानाने बाळाचे वजन घटते, वार अकाली सुटते, मूल पोटात मरते. शिवाय आपल्या भागातल्या बायका विडी ओढतात थोड्याच? त्या मिश्री लावतात, तंबाखू दाताशी धरतात. स्वीडनमध्ये तोंडात धरावयाची तपकीर वापरणाऱ्या स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांच्यात हा विकार कमी नव्हे, जास्तच आढळला. फायदा जो काही असेल तो धुराशी निगडित दिसतो, आणि तोटा सगळ्यांच्या वाट्याला येतो.

सीमाभागाचा म्हणून एक खास प्रश्न आहे, आणि तो मला ह्या साऱ्या प्रयोगांहून महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. कागलची लेक निपाणीला दिलेली, निपाणीची लेक गडहिंग्लजला. सातव्या महिन्यात ती सीमा ओलांडून माहेरी येते, आणि हा विकार डोके वर काढतो तोही नेमका त्याच महिन्यांत. कर्नाटकातील तिच्या तायी कार्डावर पहिल्या सहा महिन्यांचे रक्तदाब कानडीत लिहिलेले असतात. महाराष्ट्रातील कार्ड मराठीत. आता रक्तदाबाचा एकटा आकडा फारसे सांगत नाही. १३० वर ८४ हा दाब एखादीला नेहमीचा असेल. परंतु जिचा दाब तिसऱ्या महिन्यात १०० वर ६० होता तिच्या बाबतीत तोच आकडा डॉक्टरला सावध करतो. ही चढण दिसण्यासाठी आधीचे आकडे समोर हवेत. कार्ड सासरी ट्रंकेत राहिले, किंवा आणले पण कोणाला वाचता आले नाही, तर सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जुना साक्षीदार मुका होतो. निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर, बेळगाव सुमारे पंचाहत्तर. रात्री झटके आले तर गाडी कोल्हापूरकडेच वळणार. राज्याची हद्द रुग्णवाहिकेच्या चालकाला रस्त्यावरची पाटी म्हणून दिसते, पण रोग्याच्या कागदांना ती ओलांडता येत नाही. आकडे दोन्ही लिपींत वेगळे असले, तरी आज बहुतेक ठिकाणी ते इंग्रजी अंकांतच लिहितात. तेव्हा कार्ड बरोबर आणणे एवढेच पुष्कळदा पुरते.

आणखी एक गोष्ट ह्या अस्तराविषयी अलीकडे कळली. वार पडल्यावर दाब उतरतो, सूज ओसरते, लघवी स्वच्छ होते, आणि घरचे लोक सुटलो म्हणतात. परंतु ज्यांना हा विकार झाला त्या स्त्रियांच्या पुढील आयुष्याचा मागोवा घेतला असता असे आढळले, की त्यांना उच्च रक्तदाब जडण्याचा धोका इतरांच्या तिप्पट-चौपट, हृदयविकाराचा दुप्पट, आणि पक्षाघाताचाही दुपटीच्या जवळपास असतो. हा हिशेब २००७ साली अनेक देशांच्या पाहण्या एकत्र करून मांडला गेला. गरोदरपणाने अस्तराची परीक्षा घेतली आणि त्यात दिसलेली उणीव पुढे कायम राहिली, की त्या आजारानेच अस्तरावर वण ठेवला, ह्याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. अशा स्त्रीने वर्षातून एकदा तरी रक्तदाब तपासून घ्यावा, ह्याविषयी मतभेद नाहीत.

आक्काला त्या रात्रीनंतर तीन मुले झाली. ती हाडाची कष्टाळू होती. तंबाखूच्या हंगामात पहाटे चारला उठून डोईवर भाकरी घेऊन निघे. बावन्नाव्या वर्षी एका सकाळी अंगणात सडा घालताना तिचा उजवा हात लुळा पडला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. ज्या दवाखान्यात तिला नेले तेथल्या केसपेपरावर मधुमेह आहे काय, तंबाखू खातात काय, घरात कोणाला अर्धांग झाले होते काय, असे सारे प्रश्न छापलेले होते आणि माझ्या वडिलांनी त्यांची उत्तरे भरली. बाळंतपणाविषयी रकाना नव्हता, आणि आजी बाहेरच्या बाकावर बसली होती. तिला कोणी विचारले नाही.